उजव्या बाजूला

आमच्या घरातल्या खुर्च्या
एका कानानं मांडल्या होत्या.
बाबांचा डावा कान एकाहत्तरला गेला, तोफेशेजारी.
म्हणून पाहुणे उजवीकडे, वाढणारी आई उजवीकडे,
चांगल्या बातम्या उजवीकडे.
गणितात नापास झाला की अंबादास
हळूच डावीकडून सांगायचा.

सुभेदार पुंजाराम गायधनी, राहणार पळसे.
पेन्शनवर आल्यावर नाशिकरोडला बँकेच्या दारात
बंदूक घेऊन बसले बारा वर्षं.
ती कधी उडाली नाही.
तिच्या आडोशाला ते लिहीत राहिले,
पैसे काढायच्या पाठकोऱ्या स्लिपांवर.
पुढं कुणीतरी एका मासिकात छापलं,
गायधनींचं वाक्य आखूड, लष्करी शिस्तीचं.
बाबा म्हणाले, स्लिपच तेवढी होती.

दोन पुस्तकं. पाचशे-पाचशे प्रती.
पहिल्यातला स्वयंपाकी रात्रभर कांदा चिरतो.
बाहेर लढाई आहे असं आपण धरून चालतो,
पण शेवटच्या पानापर्यंत एक गोळी सुटत नाही.
दुसऱ्यात म्हणे एक खेचर आहे.
न खपलेले गठ्ठे पलंगाखाली;
त्यांच्यावर चढून आम्ही
फळीवरचा लाडवांचा डबा काढायला शिकलो.

लढाईचं विचारलं की ते मला
सतराचा पाढा विचारायचे.
ऐकायचं नसलं की उजवा कान उशीत घालून झोपायचे.
आई म्हणायची, गेले आमचे सुभेदार रजेवर.

माझ्या पाठवणीला सगळे रडत होते तेव्हा
ते गाडीभोवती वाकून
चारही टायरांची हवा अंगठ्यानं दाबून बघत होते.
स्टेपनीसुद्धा.
मला राग आला होता. बरीच वर्षं होता.

देवळालीच्या रेंजवर सराव सुरू झाला
की मांडणीतले स्टीलचे पेले किणकिणायचे.
बाबा पेन ठेवायचे,
तळहात टेबलावर पसरून ऐकायचे
आणि कुणाकडेच न बघता सांगायचे,
जवळ. लांब. नवी पोरं आहेत, घाई करतात.
आई मेथी निवडता निवडता हं म्हणायची.

दवाखान्यात खाट अशी लागली
की उजवी बाजू भिंतीला.
नळ्यांमुळे हलवता येणार नाही, सिस्टर म्हणाली.
अकरा दिवस आम्ही सगळे
त्या बंद कानात बोलत राहिलो.
अंबादासनं प्लॉटवरचं कर्ज सांगून टाकलं,
जे बायकोलाही माहीत नव्हतं.
आई काय म्हणाली ते मी ऐकलं. इथं लिहिणार नाही.
एका पहाटे मी म्हटलं,
बाबा, तुमचं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही.
वाचलं म्हणून सांगितलं होतं, ते खोटं.
चादरीवर त्यांचं बोट हललं.
औषधानं होतं तसं, सिस्टर म्हणाली.

तेराव्यानंतर पलंग सरकवला.
वरच्या प्रतीवर आमच्या तळव्यांची जुनी माती.
खाली फरशीवरच बसले वाचायला.
पान सात.
खेचराचं नाव मंदा आहे.
हट्टी. पाणी दिसलं की थांबते.
अंधारात, पाठीवर ओझं असताना,
तिच्यामागं चालणाऱ्याला वाट विचारावी लागत नाही.
पुढची दोन पानं मला नीट दिसली नाहीत.
हे नाव माझ्या जन्माआधीचं की नंतरचं,
आता कुणाला विचारू?
आई म्हणते, मला काय माहीत,
मला कुठं वाचून दाखवलं त्यांनी.

गुरुवारी पेले वाजले.
आईनं मेथीची जुडी बाजूला केली,
टेबलापाशी जाऊन ओला तळहात पसरला.
बराच वेळ तशीच उभी होती.
लांब, म्हणाली.
मग परत येऊन देठ खुडायला लागली,
आणि खाली बघूनच म्हणाली,
घाई केली यांनी.